कुलपामागे वीस पैसे

अक्काताईने माझ्या हातातलं स्टॉपवॉच चालू असतानाच काढून घेतलं आणि पदराखाली झाकून टाकलं.

"बाई, चाचांचा तास मोजलासा, माझा मोजलासा. आता भाकरी खाताना बी मोजणार काय? बसा खाली."

मी बसले. मला हवं होतं तेच होतं, पण मागायला जीभ रेटत नव्हती. माधवनगर रस्त्यावरच्या आगट्यांच्या कारखान्यात रुजू होऊन मला साडेचार महिने झाले होते आणि तेवढे सगळे दिवस मी दुपारचा डबा टेबलाच्या खणात अर्धवट उघडून, चोरून खाल्ल्यासारखा खाल्ला होता. ऑफिसात नऊ पुरुष आणि मी. एक वाजला की ते सगळे मुख्य हिशेबनीस मगदूमसाहेबांच्या खोलीत टेबलं जोडून बसत आणि दार लोटून घेत. त्यांचंही फार चुकत होतं असं नाही. एकोणीसशे एकोणऐंशी साली सांगलीत ऑफिसातल्या मुलीला 'या जेवायला' म्हणणं म्हणजे भलतंच काहीतरी म्हणणं होतं. दाराआडून त्यांचं हसणं ऐकू यायचं आणि मी आमटीभात गिळायचे.

कारखाना कपाटांचा. पुढच्या मोठ्या शेडमध्ये चाळीस माणसं, पत्रा वाकवणारी यंत्रं, रंगाची भट्टी, वर फिरणारी क्रेन. तिथे उभं राहिलं की जमीन हादरायची. मागे चिंचेखाली मात्र एक जुनी कौलारू शेड होती. तिथे अकरा माणसं हाताने कुलपं करायची. थोरल्या आगट्यांनी धंदा कुलपांवरच सुरू केला होता, कपाटं नंतर आली. सात पात्यांचं ते कुलूप तळहाताएवढं, पण उचलायला गेलं की हात खाली जायचा. देवळांचे ट्रस्ट, गुळाची गोदामं, सोसायट्या, सगळीकडून मागणी यायची.

ही शेड शिकलगार चाचांच्या हाताखाली होती. मिरजेचे, साठीला आलेले, कानात अत्तराचा बोळा आणि नखांत कायमची काळी रेघ. प्रत्येक कुलूप तयार झालं की ते कानाशी धरून किल्ली फिरवायचे. सात पाती एकेक करून बोलतात म्हणे. "सातवी बोलली की झालं. न बोलली तर परत कानस." अक्काताई किल्ल्या घासायची. कुपवाडची विधवा बाई, बोलायला फटकळ, हाताने उदार. तिने त्या दिवशी माझा आमटीभाताचा डबा मधोमध ठेवला, त्याच्याभोवती आपापले डबे उघडले गेले आणि माझ्या हातात ठेच्याची भाकरी आली. तिथे आपला डबा आपण खायचा नाही अशी चालच होती.

माझं काम काय, हे त्यांना कळेना. मी सांगितलं, कुठला माल कितीला पडतो ते काढायचं. लोखंड किती, मजुरी किती, वरकड किती.

"वरकड म्हंजे?" अक्काताईने विचारलं.

म्हटलं, जो खर्च कुठल्याच एका मालाचा नसतो तो. वीज, रंगाची भट्टी, वॉचमन, ऑफिस. तो सगळ्या मालावर वाटून टाकायचा असतो. इथे तो माणसांच्या तासांवर वाटतात. ज्या वस्तूला माणसाचे तास जास्त लागतात तिच्यावर वरकड जास्त.

"म्हंजे तुमचा पगार बी वरकडच."

"हो."

"मग तुमी आमच्याबी जिवावर जेवताय म्हणा की," ती म्हणाली. सगळे हसले आणि मीही हसले. चाचा हसले नाहीत, त्यांना हिशेबात रस होता. त्यांनी विचारलं, एका कुलपामागे बाईंचे किती? मी कागदावर काढून दाखवलं. माझा पगार साडेचारशे. कारखान्यात महिन्याला दहा हजार दोनशे तास काम. कुलपाला साडेचार तास. म्हणजे वीस पैसे.

त्या दिवसापासून मी शेडमध्ये 'वीस पैसेवाल्या बाई' झाले. मोजमाप चार दिवसांत संपलं, पण एक वाजला की मी डबा घेऊन मागे जाऊ लागले. कुणी विचारलं तर 'अजून थोडं मोजायचंय' म्हणायचे. पहिलं वाक्य अक्काताईचं ठरलेलं असे, "आलं बगा आमचं वीस पैसं." लाडाचं नाव मला त्याआधी कुणी ठेवलं नव्हतं. आईवडील गेल्यावर मी राजापूरला मामाकडे वाढले, आणि तिथे मामी मला काय म्हणायची तर खायला काळ नि भुईला भार. रागाने नाही, चुलीवरचं दूध बघता बघता सहज म्हणायची. ते जास्त लागायचं.

हे मी एकदा शेडमध्ये बोलून गेले. अक्काताई भाकरी मोडत म्हणाली, "घरात एक वरकड माणूस असतंयच ओ. त्येचा घास कुणाच्या ताटातनं जातोय ते मातर कुणी इचारत न्हाई." मग तिने आपल्या ताटातली वांग्याची फोड माझ्या भाकरीवर ठेवली आणि विषय बदलला.

मार्चच्या मध्यात माझा कागद तयार झाला. कुलपाला लोखंड-पितळ चार रुपये, मजुरी नऊ. तासाला पाच रुपये या दराने साडेचार तासांचं वरकड साडेबावीस. बेरीज साडेपस्तीस. आणि कुलूप विकलं जायचं चौतीसला. प्रत्येक कुलपामागे दीड रुपया खोट. कपाटावर मात्र आठ रुपये सुटत होते.

मी बेरीज तीनदा केली. ती बरोबर होती. पण डोकं कुठेतरी अडत होतं. एवढंसं कुलूप, आणि अख्ख्या कपाटावर पडतं त्याच्या निम्मं वरकड त्याच्या डोक्यावर. का, तर कपाट यंत्रावर नऊ तासांत होतं आणि कुलूप हाताने साडेचार तासांत. दुसऱ्या दिवशी जेवायला गेले तेव्हा शेडमध्ये मान वर करून बघितलं. एक दिवा होता. दिवसा तोही बंद. ना यंत्र, ना भट्टी, ना क्रेन. कानशी धुवायला रॉकेलचा एक डबा, तेवढाच. कपाटांची वीज, कपाटांचा रंग, कपाटांची क्रेन, सगळ्याचे पैसे ही अकरा माणसं भरत होती, केवळ ती हाताने काम करतात म्हणून.

मग मी तिथेच, त्यांच्या ओट्यावर बसून दुसरा कागद केला. वरकड ज्या शेडमध्ये होतं त्याच शेडवर टाकायचं, आणि जे खरंच दोघांचं, ऑफिस किंवा वॉचमन, तेवढंच वाटायचं. पुस्तकात ही पद्धत होती. मी काही शोध लावला नव्हता. तसं केलं तर कुलूप अठरा रुपयांना पडत होतं. एका कुलपामागे सोळा रुपये नफा. आणि कपाट दीडेक रुपया खोटीत. तो कागद तीन दिवस मी रोज दुपारी पुढे लिहीत होते. एकदा डब्याखाली राहिला आणि त्यावर तेलाचा गोल डाग पडला. अक्काताईने पदराने टिपला, डाग आणखी पसरला.

मगदूमसाहेबांना मी अंदाज घेण्यापुरतं विचारलं. दोन शेडना दोन वेगळे दर लावले तर. त्यांनी चष्मा काढला. माणूस वाईट नव्हता. माझी खोली त्यांनीच बघून दिली होती.

"मिस रिसबूड, कारखान्यात एक दर आहे. सात वर्षं आहे. नवी यंत्रं घेताना बँकेला याच दराचे आकडे दिले आहेत. तो चुकला म्हणायचं तर मी चुकलो म्हणायचं, धाकटे साहेब चुकले म्हणायचं." मग आवाज खाली आणून म्हणाले, "हुशार आहात. पण हुशारी एकतीस तारखेनंतर दाखवा."

एकतीस मार्चला माझे सहा महिने पुरे होत होते. कायम करायचं की नाही ते तेव्हा ठरणार होतं. नाही केलं तर एकच पत्ता होता, राजापूर.

सभा सव्वीस तारखेला झाली. धाकटे आगटे, मगदूमसाहेब आणि मी. धाकटे आगटे पुण्याहून शिकून आलेले, बोलायला फार सभ्य. पहिला कागद त्यांच्यासमोर होता. दुसरा, तेलाच्या डागाचा, माझ्या मांडीवरच्या फाइलमध्ये होता. मी ठरवून गेले होते की बोलायचं. वाक्यसुद्धा पाठ केलं होतं.

ते म्हणाले, कुलपांचं वाईट वाटतं, वडिलांनी सुरू केलेलं खातं आहे, पण दर नगामागे दीड रुपया घालून किती दिवस चालवणार. कुलपं अलीगढहून तयार मिळतात. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"बेरीज बरोबर आहे ना?"

"बरोबर आहे," मी म्हटलं.

ते थांबले. त्यांना घाई नव्हती. "आणखी काही सांगायचं आहे?"

मगदूमसाहेब खिडकीबाहेर बघत होते. मला धमकी कुणी दिली नव्हती. दार उघडं होतं, प्रश्न सरळ होता आणि विचारणारा माणूस ऐकायला बसला होता. मला मामीचा आवाज आला, दूध बघता बघता आलेला.

"नाही," मी म्हटलं.

त्यांनी कागदावर सही केली.

त्या दुपारी मी मागे गेले नाही. कामाचं निमित्त करून टेबलाशी बसले. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी शेडमध्ये नोटीस लागली, एप्रिलअखेर खातं बंद, कायद्याने बसतं ते सगळं मिळेल. चौथ्या दिवशी मला कायम केल्याचं पत्र मिळालं. मी ते घरी नेऊन वाचलं. घर म्हणजे एक खोली, एक स्टोव्ह, एक ट्रंक. कुणाला दाखवावं असं मनात आलं आणि ज्यांची नावं आली ती सगळी चिंचेखाली बसणारी होती.

एप्रिलचा महिना मी कसा काढला ते माझं मला माहीत. एक वाजला की मागच्या शेडमध्ये डबे उघडल्याचा आवाज यायचा. इतक्या लांबून तो ऐकू येणं शक्य नव्हतं, पण यायचा. एकदा अक्काताई ऑफिसच्या नळावर पाणी भरायला आली. मी मान खाली घालून आकडे लिहीत राहिले. ती भांडं भरेपर्यंत उभी राहिली, मग गेली.

शेवटच्या दिवशी संध्याकाळी चाचा ऑफिसात आले. हत्यारांची यादी द्यायची होती. बाकीचे गेले होते. यादी त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली, वर बोट ठेवून एकेक ओळ मला वाचायला लावली. कानशी चव्वेचाळीस, पकडीचे शेगडे अकरा, हातोड्या नऊ. मी सही केली. मग त्यांनी सदऱ्याच्या खिशातून एक नाणं काढलं आणि यादीवर ठेवलं. पितळेचं, कमळाचं, त्या काळी चालायचं ते वीस पैशांचं.

"काल शेवटचं कुलूप झालं. त्येच्यातलं तुमचं."

मी म्हटलं, "चाचा, मी दुसरा कागद केला होता. त्यात कुलूप अठरा रुपयांना पडत होतं. तुम्ही नफ्यात होता."

"ठावं हाय."

मी पेन खाली ठेवलं.

"डब्याखाली हुता न्हवं. अक्कानं दावला मला. तिला वाचता येत न्हाई, पर आकडे मला येतात." ते शांतपणे बोलत होते, कुलूप कानाशी धरतात तसे. "आमी म्हटलं, बाईंनी केलाय. बाई बोलतील. सभा हुती त्या दिशी एक वाजता भाकरी न सोडता बसलो हुतो समदी. तुमी आला न्हाई, तवा कळलं."

"मला विचारायचंत."

"इचारलं आस्तं तर तुमी कायतरी खोटं सांगितलं आस्तं. तुमच्याकडनं ते ऐकायचं न्हवतं आमाला."

यादीची दुसरी प्रत त्यांनी घडी करून खिशात ठेवली. दारापाशी थांबले. त्यांच्या बोलण्यात राग असता तर मी त्याला धरून रडले असते, पण राग नव्हता. हिशेबातली शंका विचारावी तसं त्यांनी विचारलं, "आता तुमचे हे पैशे कशावर टाकणार?"

"कपाटांवर."

"हां. ती मोठी असत्यात," ते म्हणाले आणि गेले.

एक मेची सुट्टी झाली आणि दोन तारखेला एक वाजता मी डबा घेऊन मागे गेले. पाय आपोआप गेले. शेडला कुलूप होतं, त्यांचंच, सात पात्यांचं. दारात चिंचेचा पाला पडला होता. मी पायरीवर बसले आणि डबा उघडला. आमटीभात आणि, आदल्या रात्री का कोण जाणे, जास्तीच्या केलेल्या तीन पोळ्या. त्या तशाच परत नेल्या.

मेअखेरचा कागद मीच केला. कुलपांचं खातं गेलं तसे दोन हजार दोनशे तास गेले. त्यांच्याबरोबर वरकडातून जे गेलं ते म्हणजे एक दिवा, एक रॉकेलचा डबा आणि थोडंसं इकडचं तिकडचं. बाकी सगळं जागेवर होतं आणि ते वाहायला आता एकटी कपाटं होती. तासाचा दर पाचवरून सव्वासहाच्या वर गेला. आठ रुपये नफा देणारं कपाट चार रुपये खोटीत आलं. माझा स्वतःचा भार कपाटामागे चाळीस पैशांवरून पन्नास पैसे झाला. कागद मगदूमसाहेबांपुढे ठेवला. त्यांनी तो बराच वेळ बघितला. वर न बघता विचारलं, "बेरीज बरोबर आहे?"

"बरोबर आहे," मी म्हटलं.

पुढच्या वर्षी कपाटांच्या शेडमधली चौदा माणसं कमी केली, कारण तासाचा दर फार झाला होता. त्यामुळे तो आणखी वाढला. कोळसा उगाळावा तितका काळाच. पाच वर्षांनी कारखाना बंद झाला तेव्हा हजेरीपटावर शेवटपर्यंत चारच नावं राहिली होती. मगदूमसाहेब, दोन वॉचमन आणि मी. माल करणारं एकही माणूस नव्हतं, नुसतं वरकड.

त्यानंतर मी तीन ठिकाणी नोकरी केली, बढत्या मिळाल्या, निवृत्त झाले. मिरजेला एकदा चाचांच्या घराचा पत्ता काढत गेले होते. घर सापडलं, चाचा हयात नव्हते. सुनेने पाणी दिलं, कोण म्हणून विचारलं. मी कारखान्यातली एवढंच सांगितलं. तिने माझ्याकडे नीट बघून विचारलं, "वीस पैसेवाल्या?"

तिने मला जेवून जा म्हटलं. मी घाई आहे म्हणाले. मला कसलीही घाई नव्हती, बस दोन तासांनी होती. स्टँडवरच्या बाकावर बसून मी पिशवीतला डबा काढला, आणि तो संपेपर्यंत ते नाणं डाव्या मुठीत धरून बसले.